आजारपणाला वेळापत्रकात जागा हवी

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्तमानपत्रात एक फोटो हमखास येतो. हाताला प्लास्टर, नाहीतर मनगटावर सलाइनची चिकटपट्टी, समोर बोर्डाची उत्तरपत्रिका आणि खाली ओळ, 'जिद्दीला सलाम'. त्या मुलीची जिद्द खरीच असते, त्याबद्दल वाद नाही. माझ्या मनात मात्र भलताच प्रश्न येतो. ह्या पोरीला आज घरी झोपू का दिलं नाही? अंगात ताप असताना तिने पेपर लिहिला, कारण तो त्या दिवशी सोडला असता तर तिच्यापुढे दुसरा धड रस्ता नव्हता. ज्याची आपल्याला लाज वाटायला हवी त्याची आपण बातमी करतो, वर टाळ्याही वाजवतो.

मी ठाण्यात दहावीला गणित शिकवतो. जूनमध्ये वर्गात शिरताना मला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. समोरच्या पन्नास-साठ मुलांपैकी तीन-चार जण ह्या वर्षात सलग दोन-तीन आठवडे आजारी पडणार. कोण, एवढंच माहीत नसतं. ठाण्याचं आजारपणाचं पंचांग ठरलेलं आहे. पावसाळा सुरू झाला की टायफॉइड, कावीळ, मलेरिया. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत डेंग्यू. घोडबंदर रस्त्याला टॉवरची कामं चालू असतात तिथे पाणी साचतं, कळव्या-मुंब्र्यात नळाचा भरवसा नाही म्हणून पिंपं भरून ठेवलेली असतात, आणि डेंग्यूचा डास वाढतो तो अशाच साठवलेल्या पाण्यात. तो चावतोही दिवसाढवळ्या, म्हणजे मुलं बाकावर बसलेली असताना. दिवाळीनंतर धूळ आणि न सुटणारा खोकला. मग कांजिण्या. संसर्ग झाल्यापासून अंगावर पुरळ उठायला दहा ते एकवीस दिवस लागतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेंड-ऑफच्या दिवशी सगळे गळ्यात गळे घालून सेल्फी काढतात, त्या दिवशी घेतलेली कांजिणी बरोबर पहिल्या पेपराच्या आसपास उगवते.

हे सगळं इतकं ठरलेलं असूनही शाळेच्या, क्लासच्या किंवा बोर्डाच्या वेळापत्रकात आजारपणासाठी एक चौकोनही मोकळा नसतो. गणपतीची सुट्टी असते, दिवाळीची असते, निवडणुकीच्या ड्यूटीमुळे गुरुजी नसतील ते दिवसही धरलेले असतात. मूल आजारी पडेल हे कोणी धरलेलं नसतं. त्यामुळे ते पडलं की सगळ्यांना अचंबा वाटतो आणि घरात पहिलं वाक्य ऐकू येतं, "तुला आजारी पडायलाही आत्ताच मुहूर्त सापडला?"

माझं म्हणणं साधं आहे. परीक्षेच्या वर्षातलं आजारपण ही त्या मुलाची वैयक्तिक अडचण मानणं आपण थांबवावं. आजार त्याचा असेल, पण मागे पडणं आपण घडवतो.

कसं, ते सांगतो. आमच्याकडे, आणि बहुतेक शाळांत, नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत पोर्शन संपवायची शर्यत असते. क्लासवाल्यांचं तर विचारूच नका. काही जण नववीच्या मे महिन्यातच दहावीचा पोर्शन सुरू करतात आणि सप्टेंबरात 'आमचा संपला' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस लावतात. त्यानंतर काय होतं? पहिली प्रिलिम, दुसरी प्रिलिम, कुठे कुठे तिसरीही. क्लासची टेस्ट सिरीज वेगळी. म्हणजे डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासण्यात जातात. जे मूल नीट शिकलंय त्याला ह्याचा उपयोग होतो. जे दिवाळीच्या आधी डेंग्यूने तीन आठवडे झोपलं होतं, त्याला ह्या काळात शिकवायला हवं असतं, पण आपण त्याचीही परीक्षाच घेत बसतो. त्याला न शिकवलेल्या धड्यांवर.

कळव्याच्या एका मुलाचं उदाहरण देतो. आजारपणाआधी वर्गातल्या पहिल्या दहांत होता. परत आला तेव्हा 'वर्तुळ' संपलं होतं, निर्देशक भूमिती अर्ध्यावर होती. ताप उतरला होता, प्लेटलेट वर आल्या होत्या, म्हणून घरच्यांच्या आणि शाळेच्या हिशेबी तो बरा झाला होता. डेंग्यूनंतरचा थकवा कित्येकांना पुढे काही आठवडे पुरतो, हे डॉक्टरांनी सांगितलेलं असतं आणि कोणी मनावर घेतलेलं नसतं. तिसऱ्या तासाला त्याची मान खाली जायची. प्रिलिमला भूमितीत चाळीसपैकी नऊ पडले. शाळेच्या पद्धतीप्रमाणे त्याचं नाव 'कच्च्या' मुलांच्या यादीत गेलं, जादा तासाला त्याला बसवलं गेलं, आणि तिथे काय घेतलं, तर सोप्या प्रश्नांची घोकंपट्टी. त्याला ती नको होती. त्याला वर्तुळ शिकायचं होतं.

इथे थोडं विषयात शिरतो, कारण 'बॅकलॉग भरून काढ' असं मोघम बोलणारे पुष्कळ आणि कुठून भरायचा ते सांगणारे थोडे. दहावीच्या गणितातले सगळे धडे एकमेकांवर सारखे उभे नाहीत. भाग दोनमधली समरूपता सुटली तर वर्तुळातली कितीतरी प्रमेयं अधांतरी राहतात, म्हणून ती आधी. पायथागोरस नववीपर्यंत ओळखीचा झालेला असतो, तो लवकर हाताशी येतो, आणि त्याच्या आधारावर त्रिकोणमिती उभी राहते. उलट भाग एकमधलं अर्थनियोजन, म्हणजे जीएसटी आणि शेअर्सचा धडा, कशावरच अवलंबून नाही. संभाव्यताही तशीच सुटी आहे आणि लहान आहे, दोन-तीन बैठकांत होते. अंकगणिती श्रेढीत सूत्रं दोन, बाकी सराव. शिवाय पेपरात 'कोणतेही दोन सोडवा' अशा धर्तीचे पर्याय असतात, त्यामुळे एखादा धडा चक्क सोडून देऊनही चांगले गुण मिळू शकतात.

पण कोणता धडा सोडायचा हे आजारातून उठलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाने ठरवायचं का? त्याला सगळंच महत्त्वाचं वाटतं. ते पहिल्या पानापासून सुरुवात करतं, रात्री दोनपर्यंत जागतं, आठवड्याने पुन्हा आजारी पडतं. ही निवड शिक्षकानेच करून द्यायला हवी, विषयवार, एका कागदावर, सही करून. त्या सहीला महत्त्व आहे. 'हे सोडलंस तरी चालेल' असं सरांनी लिहून दिलं की मुलाच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरतं. आई-वडिलांची कटकटही कमी होते. ह्याला ना सरकारी आदेश लागतो ना निधी. लागतो तो प्रत्येक विषय-शिक्षकाचा अर्धा-पाऊण तास, आणि दुसऱ्या प्रिलिमच्या काळात त्या तीन-चार मुलांना वेगळं बसवून शिकवायची परवानगी. ही परवानगी मिळवणं किती कठीण जातं ते शिक्षकांना विचारा. 'सगळ्यांनी प्रिलिम दिलीच पाहिजे, रेकॉर्ड लागतं.' कोणाला लागतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

काही शाळा ह्याच्याही पुढे जातात. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांखाली गेली, प्रिलिमचे गुण पडले, की पालकांना बोलावून हळूच सुचवतात, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. शाळेच्या निकालाचा टक्का सांभाळायचा असतो. शंभर टक्के निकालाचा फलक गेटवर लागतो तेव्हा त्यातून कोण कोण वजा झालं ते फलकावर लिहिलेलं नसतं.

आजार सगळ्यांना सारखाच होतो, मागे पडणं मात्र घरानुसार बदलतं. घोडबंदरच्या टॉवरमधल्या मुलाला कावीळ झाली तर तो एसी खोलीत पडून क्लासचं रेकॉर्डिंग बघू शकतो, उठून बसायला लागला की घरी शिकवणीचे सर येतात. कोपरखैरण्यात माथाडी कामगाराचं घर दीड खोलीचं. वडील पहाटे वाशीच्या मार्केटला जातात आणि घरातला एकुलता बरा फोन त्यांच्याबरोबर जातो. आई चार घरची कामं करते. मुलीला झोपायलाही दुपारी धाकटी भावंडं शाळेत गेली की मगच मिळतं. नोट्सचे फोटो वर्गाच्या ग्रुपवर पडतात, ते तिला रात्री नऊनंतर दिसतात. दोघांच्या गुणपत्रिका शेजारी ठेवल्या तर पहिला हुशार आणि दुसरी मध्यम दिसेल. 'मेहनत केली असती तर जमलं असतं,' असं म्हणणाऱ्यांनी हे घर एकदा बघून यावं.

आता बोर्डाकडे येऊ. मुंबई विभागीय मंडळाचं कार्यालय आपल्या वाशीतच आहे. ठाणे, रायगड, पालघर आणि मुंबई, सगळ्यांची दहावी-बारावी तिथून चालते. बोर्डाचे नियम निर्दय आहेत असं मी म्हणणार नाही. हात मोडला तर लेखनिक मिळतो. कांजिण्या आल्या तर वेगळ्या खोलीत बसवतात. दिव्यांग मुलांना जादा वेळ मिळतो. आणि एक फार चांगली सोय आहे, ती पालकांना सहसा माहीत नसते. तोंडी किंवा प्रात्यक्षिक परीक्षा अपरिहार्य कारणाने चुकली तर बोर्ड ती 'आउट ऑफ टर्न' म्हणून नंतर घेतं. लेखी पेपराला मात्र ही सोय नाही. शंभरातल्या वीस गुणांसाठी बोर्ड थांबतं आणि ऐंशी गुणांसाठी थांबत नाही.

लेखी पेपर चुकला की मूल गैरहजर. मग पुरवणी परीक्षा. आमच्या पिढीत नापास झालेला 'ऑक्टोबरला बसला' म्हणायचे. त्यात अख्खं वर्ष जायचं. 2015 पासून दहावीची पुरवणी जुलैत आली, ही मोठीच सुधारणा होती. 2025 मध्ये ती जूनच्या अखेरीसच सुरू झाली आणि जुलैअखेर निकालही लागला. त्या वर्षी अकरावीचे वर्ग ऑगस्टमध्ये भरले. म्हणजे परीक्षा आहे, प्रश्नपत्रिका निघतात, केंद्रं असतात, निकाल वर्ग भरायच्या आत लागतो. सगळी यंत्रणा हजर आहे. अडतं एवढ्यावरच की त्या परीक्षेला बसणारा आपल्या नियमात आणि आपल्या मनातही नापास समजला जातो. तोवर अकरावीच्या आधीच्या फेऱ्या होऊन गेलेल्या असतात. दोन विषयांपर्यंत एटीकेटी मिळते, अकरावीत बसता येतं, हे खरं. पण नव्वद टक्क्यांची योग्यता असलेल्या मुलीने तापात एक पेपर सोडला आणि एटीकेटीवर उरलेल्या जागांतली एक पत्करली, ह्याला न्याय म्हणता येणार नाही.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. आजारपणामुळे लेखी पेपर चुकलेल्याची पुरवणी परीक्षा हा त्याचा पहिलाच प्रयत्न धरावा. आणि केंद्रीय प्रवेशात प्रत्येक कॉलेजने थोड्या जागा, अगदी शंभरात एक-दोन म्हणा, पुरवणीचा निकाल लागेपर्यंत राखून ठेवाव्यात. एवढ्या जागांनी कोणाचं आभाळ कोसळत नाही.

नियम बदलता येत नाहीत असं कोणी सांगू नये. करोनात ते बदलले. 2021 मध्ये दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली, अंतर्गत गुणांवर निकाल लागला आणि तो 99.95 टक्के होता. तो निकाल आदर्श होता असं मला मुळीच वाटत नाही. पण पुढच्या वर्षी, 2022 मध्ये, अभ्यासक्रम पाव हिश्शाने कमी केला, वेळ वाढवला, आपापल्या शाळेतच केंद्रं दिली. आजार सगळ्यांच्या दारात आला तेव्हा आपल्याला हे सगळं सुचलं. तो एकट्या मुलीच्या दारात येतो तेव्हा मात्र जिद्दीची अपेक्षा.

सीबीएसईने 2026 पासून दहावीला दोन परीक्षा आणल्या आहेत. पहिली फेब्रुवारीत, सगळ्यांना सक्तीची, आणि दुसरी मे महिन्यात, जास्तीत जास्त तीन विषयांत गुण सुधारण्यासाठी. नवी मुंबईत सीबीएसईच्या शाळा भरपूर, त्यामुळे इथल्या पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नियम नीट वाचलेले कमी. पहिल्या परीक्षेत तीन किंवा जास्त विषयांना गैरहजर राहिलेल्याला दुसऱ्या परीक्षेला बसताच येत नाही, थेट पुढच्या फेब्रुवारीची वाट बघायची. आता सांगा, एक पेपर कोण चुकवतं? पोट बिघडलेला, पाय मुरगळलेला. टायफॉइड झालेला, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला मुलगा तीन पेपर सहज चुकवेल. ज्याला दुसऱ्या संधीची सगळ्यात जास्त गरज, नेमका त्यालाच दार बंद. राज्य मंडळाने हा धडा डोळ्यांपुढे ठेवावा आणि तो गिरवू नये.

यावर पहिला आक्षेप येतो तो खोट्या सर्टिफिकेटांचा. आक्षेप खरा आहे. डॉक्टरचं सर्टिफिकेट कुठल्याही नाक्यावर मिळतं, हे मी शिक्षक म्हणून रोज बघतो. मामाच्या लग्नालाही व्हायरल फीव्हर होतो. पण खोटेपणा कुठे फायद्याचा ठरतो? जिथे सवलत मूठभरांनाच आहे तिथे. जेईई मेन 2019 पासून वर्षातून एकाहून अधिक वेळा होते, हवं त्याने पुन्हा बसावं, चांगला स्कोअर धरला जातो. तिथे आजाराचा दाखला कोणी मागत नाही, म्हणून खोटा कोणी आणत नाही. दुसरी लेखी परीक्षा सगळ्यांना खुली केली तर दाखल्याचा बाजार आपोआप बसेल. तोपर्यंत रुग्णालयाचे दाखल झाल्याचे कागद, तपासणीचे अहवाल, शाळेची नोंद असं एकत्र पाहून ठरवता येईल. काही लबाड सुटतील. ते सुटू नयेत म्हणून खऱ्या आजाऱ्याला परीक्षा केंद्राच्या जिन्यावरून उचलून न्यायचं, हा हिशेब मला पटत नाही.

दुसरा आक्षेप जरा तत्त्वज्ञानी थाटाचा असतो. 'आयुष्यात कोण थांबतं? मुलांना आत्तापासून सवय हवी.' असं म्हणणारे गृहस्थ बहुधा स्वतः वैद्यकीय रजा घेऊन घरी बसलेले असतात. तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या विमाधारक कामगाराला कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते. सरकारी नोकराला रजा आहे. वकील आजारी पडला तर कोर्टात तारीख मिळते. मोठ्यांच्या जगात आजारपणाची सोय आहे, ती मिळवायला माणसं झगडली आहेत. तारीख न मिळणारा एकच घटक उरतो, पंधरा ते अठरा वयाचा.

आतापर्यंत मी ज्यांचे रिपोर्ट निघतात अशाच आजारांबद्दल बोललो. पाळीच्या पहिल्या दिवशी पोट धरून तीन तास लिहिणाऱ्या मुलींबद्दल वेळापत्रकवाल्यांनी कधी विचार केला असेल असं वाटत नाही. आणि मनाचे आजार तर घरातही बोलले जात नाहीत. झोप उडालेली, पान समोर धरून तासभर तेच वाचणारी, पेपराच्या आदल्या दिवशी उलट्या होणारी मुलं दर वर्षी वर्गात असतात. त्यांना 'टेन्शन घेऊ नकोस' असं सांगून आपण मोकळे होतो. परीक्षेच्या काळात बोर्ड समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं, केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा 14416 ह्या नंबरवर आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. हे नंबर वर्गातल्या भिंतीवर जूनपासून लिहिलेले असावेत. हॉल तिकिटाबरोबर वाटून उपयोग नाही, तोवर उशीर झालेला असतो.

घरच्यांसाठी एकच सांगणं आहे, तेही अनुभवाचं. मूल आजारातून उठल्यावर पहिला आठवडा त्याला पुस्तकाऐवजी झोप द्या. वाचलेलं डोक्यात बसायला झोप लागते, हे शास्त्र आहे, लाड नव्हेत. 'बघायला' म्हणून येणाऱ्या पाहुण्यांना दारातूनच चहा पाजून परत पाठवा. 'अरेरे, नेमकं दहावीलाच का हो?' हे वाक्य त्या मुलाच्या कानावर जितक्या कमी वेळा पडेल तितकं बरं.

बोर्ड परीक्षांचं वेळापत्रक अंतिम करण्याआधी संभाव्य म्हणून जाहीर करतं, आणि त्यावर शाळांकडून, पालकांकडून सूचना मागवतं. आजवर आपण सूचना पाठवल्या त्या दोन पेपरांत सुट्टी हवी, सीईटीची तारीख आपटते, होळी मध्ये येते, अशा. पुढच्या खेपेला ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या पालक-शिक्षक संघांनी वाशीला जे पत्र पाठवायचं, त्यात पहिली मागणी लेखी पेपरासाठी 'आउट ऑफ टर्न'ची असावी. दुसरी, पुरवणीला पहिला प्रयत्न मानण्याची. राखीव जागांची मागणी शिक्षण संचालकांकडे करावी लागेल, तिची प्रत वेगळी काढावी. आमच्या शाळेच्या संघाचा मसुदा तयार आहे, आणि त्याला मुख्याध्यापकांची सही मिळेल असं दिसतंय.